गमबूट घालूनही पाय ओले आणि गारठलेले? रात्रीचं पाणी भरणाऱ्यांसाठी

थंडी पडली की हा विषय दरवर्षी निघतो आणि दरवर्षी उत्तर तेच मिळतं, की बाबा गमबूट घे. अरे पण गमबूट घेतलेत, तक्रार त्याचीच तर आहे! रात्री अकरा-बाराला लाईट येणार, पहाटेपर्यंत गव्हाला नाहीतर कांद्याला दारं धरायची म्हणजे एकेका वाफ्यात पाणी वळवायचं, घरी येऊन बूट ओढून काढला की मोजा पिळून पाणी निघतं, बोटं पांढरीफटक सुरकुतलेली आणि पाय असे गार की रजईत तासभर पडलं तरी ऊब धरत नाहीत. बूट फाटलेला नाही, पाण्यात फार उतरलोही नाही, मग पाणी आलं कुठनं?

आता कोणी म्हणेल दिवसा भरा की. मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट कधी दिवसा आणि कधी रात्री अशी पाळीने असते हे ज्याला माहीत आहे तो असं म्हणणार नाही. शेतीला दिवसा सौर वीज द्यायची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा आला, जिथं दिवसाची लाईट मिळायला लागली तिथले लोक सुटले. बाकीच्यांना पीक काही थांबत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेला गहू धरा, कांडी धरायच्या वेळचं पाणी ४०-४२ दिवसांनी म्हणजे डिसेंबरच्या शेवटी येतं आणि फुलोऱ्याचं ६०-६५ दिवसांनी म्हणजे जानेवारीच्या मध्यावर, नेमकं सगळ्यात कडाक्याच्या थंडीत. नाशिक जिल्ह्यात निफाडकडं कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली गेलाय, पण पायांची वाट लागायला एवढी थंडी लागतच नाही, पाय तासन् तास ओले राहिले तर पंधरा अंशाला सुद्धा कातडी खराब व्हायला लागते.

तर पहिलं काम नवीन बूट घेणं नाही. पहिलं काम म्हणजे पाणी कुठून येतंय ते शोधणं, कारण वाटा चार आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा, भलत्याच इलाजावर पैसे घालून उपयोग नाही.

सगळ्यात सोपी तपासणी मोज्यावरच होते. बूट काढल्या काढल्या मोजा धुवायला टाकू नका, आधी उजेडात धरून बघा. मोज्यावर गाळ किंवा माती लागलेली असेल तर पाणी बाहेरून आलंय. मोजा ओला आहे पण स्वच्छ आहे, तळवा आणि बोटांच्या बेचक्यात जास्त ओला आहे आणि बुटाच्या आतल्या बाजूला वरपर्यंत बारीक थेंब धरलेत, तर तो घाम आहे. आणि मोजा फक्त नडगीपासून घोट्यापर्यंत जास्त ओला, खाली त्या मानाने कमी, तर पाणी वरून उतरलंय.

शंका राहिलीच तर दुपारी निवांत वेळी बादलीची परीक्षा घ्या. बूट आतून पूर्ण कोरडा करायचा, वर्तमानपत्राचे बोळे बोटांपासून टाचेपर्यंत ठासून भरायचे, आणि बूट घोट्याच्या वरपर्यंत बुडेल असा पाण्यात उभा करायचा. तो तरंगणार, म्हणून आत कागदावर एक दगड ठेवा. अर्ध्या तासाने बाहेर काढून वरून पुसा आणि बोळे एकेक करून काढा, कुठला बोळा कुठल्या जागेवरचा ते लक्षात ठेवून. पंजा जिथं दुमडतो तिथला बोळा ओला निघाला तर घडीवर चीर आहे, ती बाहेरून नुसत्या डोळ्याला दिसत नाही, बूट दोन्ही हातांनी वाकवला की तोंड उघडते. टाचेचा किंवा चवड्याचा ओला निघाला तर बहुतेक बाभळीचा काटा. काटा मोडून तळात अडकलेला असतो, चालताना दाबला की पाणी आत आणि वर मोज्यालाही भोक. सगळे बोळे कोरडे निघाले तर बुटाला दोष देऊ नका, तो चांगला आहे.

चीर किंवा भोक निघालं तर? आपल्याकडं मिळणारे तीनशे-चारशेचे गमबूट बहुतेक पीव्हीसीचे म्हणजे प्लास्टिकचे असतात, रबराचे नाही. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन रबरावर धरतं, पीव्हीसीवर धरत नाही, दोन दिवसात ठिगळ सुटून येतं. पीव्हीसीला पीव्हीसीचंच सोल्युशन लागतं, आणि तेही तळाच्या भोकाला चालतं, घडीवरच्या चिरेला नाही, कारण तिथं पावलागणिक वाकतंय आणि सुकलेलं सोल्युशन कडक होऊन पुन्हा तडकतं. घडीवर चीर गेली की तो बूट गोठा धुवायला ठेवा. पीव्हीसी थंडीत कडक होतं म्हणून जुना बूट नेमका डिसेंबर-जानेवारीतच घडीवर जातो, त्यामुळं नवा घ्यायचाच असेल तर हंगामाच्या सुरुवातीला वाकवून बघून घ्या, रात्री बाराला कळून काय उपयोग.

वरून उतरणारं पाणी. यात दंड म्हणजे पाण्याचा पाट फुटला आणि घाईत गुडघाभर पाण्यात उतरलो हा प्रकार सगळ्यांना कळतो, न कळणारा प्रकार दवाचा आहे. पहाटे तीननंतर गव्हावर जे दव असतं ते कमी समजू नका, एका बांधावरून दुसऱ्या बांधाला पिकातून दोन चकरा मारल्या की पॅन्ट मांडीपर्यंत भिजते. आणि आपण पॅन्ट बुटात खोचतो! मग ते ओलं कापड वातीने तेल ओढावं तसं पाणी खाली ओढत नेतं आणि सगळं मोज्यात सोडतं. तळाला एक थेंब शिरलेला नसतो तरी पाय चिंब. उपाय म्हणजे पॅन्ट बुटात आणि त्यावरून पावसाळी पॅन्ट, पण ती बुटाच्या बाहेर. रेनकोटची जुनी पॅन्ट असेल तर तीच गुडघ्यापासून कापून दोन नळ्या करा, वर इलास्टिक नाहीतर नाडी, खाली बुटावर चार बोटं लोंबतील एवढ्या. खताच्या गोणीच्या आतला प्लास्टिकचा कागद गुंडाळूनही काम भागतं, दिसायला ध्यान दिसतं पण रात्री शेतात बघतंय कोण. बुटाच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा पट्टा आवळून बांधणारे पण आहेत, त्याने पाणी थांबतं हे खरं, पण पोटरी आवळली की पायाचं रक्त कमी पडतं आणि पाय आणखी गार होतात, वर आतली वाफही कोंडते. दोन बोटं सहज जातील एवढाच सैल ठेवा नाहीतर नकोच.

आता घाम. बहुतेकांचा खरा प्रॉब्लेम हाच आहे आणि हाच कोणी मान्य करत नाही, म्हणतात एवढ्या थंडीत घाम कसला. दोन्ही पायात मिळून अडीच लाखाच्या आसपास घामाच्या ग्रंथी असतात, आणि प्लास्टिकच्या बुटातून वाफ बाहेर जायला वाट नाही. तुम्ही मोटार चालू करायला झपाझप जाता, दंडाची माती ओढता, फावडं मारता, तेव्हा पाय गरम असतो आणि घाम सुटतो. मग वाफा भरेपर्यंत वीस मिनिटं एका जागी उभं राहायचं. आता तोच घाम गार होतो. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने ऊब ओढून नेतं, म्हणजे ओल्या मोज्यातला पाय हा गार पाण्यात उभा असल्यातच जमा. बूट जितका घट्ट आणि मोजा जितका सुती तितकं हे वाईट.

सुती मोजा हा यातला मोठा चोर आहे. तो पाणी पितो, धरून ठेवतो आणि ओला झाला की ऊब देत नाही. शाळेचे जुने पांढरे मोजे एकावर एक दोन घालणारे बघितलेत मी, त्यापेक्षा एक लोकरीचा बरा, कारण लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. थंडीत आठवडी बाजारात वूलन म्हणून जे मोजे मिळतात ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतात, एक धागा काढून काडी लावून बघा, केस जळाल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिक काही अगदी टाकाऊ नाही, सुतीपेक्षा बरंच. चांगली जोडी अशी की आत पातळ नायलॉनचा मोजा, वर जाड लोकरीचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा.

पण मोजा कितीही भारी असला तरी रात्रभर एकच चालणार नाही, मधे बदलावाच लागतो, माझ्या मते या सगळ्या पोस्टमधली ही एक गोष्ट केली तरी निम्मा त्रास जाईल. कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टच्या आत पोटाशी ठेवायची म्हणजे ती गरमही राहते, आणि मोठ्या वाफ्याला पाणी लावलं की बांधावर गोणपाट टाकून बसायचं, बूट काढायचे, पंच्याने बोटांच्या मधून नीट पुसायचं, दोन मिनिटं पाय चोळायचे आणि नवे मोजे चढवायचे. बुटात हात घालून आतलं पाणीही पुसून घ्या. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या चिखलात उभं राहून सैनिकांचे पाय सडायला लागले तेव्हा सैन्याने जे हुकूम काढले त्यात मोजे बदला आणि पाय कोरडे करून चोळा हेच होतं, शंभर वर्षात यापेक्षा स्वस्त काही निघालेलं नाही.

पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून वर बूट घालायची युक्ती खूप जण सांगतात. बूट फुटलाय आणि आजची रात्र काढायचीय तर ठीक आहे, तेव्हा पिशवी जाड मोज्याच्या वर (बूट धड आहे आणि त्रास नुसत्या घामाचा असेल तर पातळ मोजा, त्यावर पिशवी, त्यावर जाड मोजा या क्रमाने, म्हणजे जाड मोजा तरी घामापासून वाचतो). रोजचा उपाय म्हणून मात्र मला पटत नाही, आत सगळा घाम साचून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होणारच.

चौथी वाट म्हणजे कालचा ओलावा, आणि हा निव्वळ आळस आहे. पहाटे बूट काढून पडवीत तसाच आडवा टाकला, संध्याकाळी तोच घातला. आतलं पाणी जाणार कुठं? काढल्या काढल्या आतला तळवा म्हणजे सोल बाहेर काढून उन्हात टाका, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासा-दोन तासाने ते ओले बोळे काढून नवे भरा आणि ऊन वर आलं की जमिनीत दोन काठ्या रोवून त्यावर बूट उलटे लटकवा. चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ ठेवू नका, पीव्हीसी पिळवटतं आणि मग घडीवर लवकर जातं. रात्रपाळीचे सगळे दिवस रोज जायचं असेल तर दोन जोड ठेवून आलटून पालटून वापरा, दोन्ही जास्त टिकतात. आणि उलटं ठेवलेलं असो की सुलटं, घालायच्या आधी बूट आपटून झाडायचाच, आत विंचू बसतो. हे सांगायची गरज नसावी पण बॅटरीच्या उजेडात घाई असते.

पाय कोरडे आहेत तरी गार पडतात, हा वेगळा प्रश्न. इथं आधी बुटाचा नंबर बघा. जाड मोजा घातल्यावर बोटं आत हलत नसतील तर तो बूट लहान आहे, रक्तही दाबलं जातं आणि ऊब धरणारी हवाही आत राहत नाही, म्हणून गमबूट नेहमी मोजे घालून आणि एक नंबर मोठा घ्यायचा. मग तळ. गारठा खालून येतो, ओल्या जमिनीवर उभं राहिलं की पातळ तळातून सगळी ऊब जमिनीत जाते. घरात जुनी फाटकी घोंगडी असेल तर तिच्यावर पाऊल ठेवून खडूने आखा, दोन थर कापा, कडेने दोऱ्याने टाका मारा आणि सोल म्हणून आत घाला. दख्खनी लोकर भरड असते, टोचते, पण वर मोजा असतो त्यामुळं काही वाटत नाही, आणि दाबली तरी लवकर चपटी होत नाही. घोंगडी नसेल तर फोमच्या जाड चटईचा तुकडा. दोन्ही रोज काढून सुकवायचं, नाहीतर तोच ओलावा पुन्हा आत. उभं राहायच्या जागेवर एक फळी किंवा पेंढी टाकली तरी फरक कळतो.

दुसरं म्हणजे पाय गार पडायचं कारण कित्येकदा पायात नसतंच. छाती-डोकं गारठलं की शरीर हातापायाचं रक्त कमी करून आतलं सांभाळतं, त्यामुळं कानटोपी आणि स्वेटर हा पायाचाच इलाज समजा. बिडी, तंबाखू, मिस्री यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे थंडी घालवायला ओढलेली बिडी पाय गारच करते. दारूचंही तसंच, गरम वाटतं, पण ऊब कातडीवाटे बाहेर चाललेली असते. आणि वाफा भरेपर्यंत मोबाईल बघत थिजून उभं राहू नका, टाचा वर-खाली करा, बांधावर चकरा मारा.

काही जण म्हणतात बूट नकोच, विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, अनवाणी बरं. लागतं हे खरंय, विहिरीचं आणि बोअरचं पाणी हिवाळ्याच्या रात्री हवेपेक्षा बरंच गरम असतं म्हणून पाय पाण्यात असेपर्यंत सुख वाटतं. बाहेर बांधावर आलात की ओल्या कातडीवर वारा लागतो आणि खरा गारठा तिथं बसतो. शेततळ्याचं किंवा कॅनॉलचं पाणी तर तेवढंही कोमट नसतं. शिवाय रात्रीच्या शेतात अनवाणी म्हणजे घोणस थंडीत फिरत नाही असं धरून चालणं, ती थंडीतही फिरते. पण उलट बाजूही सांगतो, साधा गमबूट हा शॉकपासून वाचवणारा बूट नाही, आतून ओला असेल तर नाहीच नाही, त्यामुळं बूट आहे म्हणून ओल्या हाताने मोटारीच्या स्टार्टरला किंवा डीपीला (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला) हात घालू नका.

एवढं करूनही कातडी बिघडली असेल तर ओळखून इलाज करा. बोटांच्या बेचक्यात पांढरं, ओलसर, खाज, वास आणि चिरा म्हणजे चिखल्या. पाय धुऊन बेचके कोरडे पुसून बुरशीवरची क्लोट्रिमाझोलची साधी पावडर किंवा मलम बरं वाटल्यावरही दोन आठवडे लावायचं. मेडिकलमधून खाजेची ती थ्री-इन-वन ट्यूब आणू नका, तिच्यात स्टेरॉईड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग बुरशी अशी चिवट होते की आटपत नाही. टाचेच्या भेगांना रात्री शेतात जाताना काही लावायचं नाही, घरी आल्यावर कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवून पुसून लगेच व्हॅसलीन, वर मोजा घालून झोपा. बेचक्यात मात्र व्हॅसलीन नको. बोटं लाल-जांभळी होऊन गरम झाल्यावर भयंकर खाज आणि आग होत असेल तर गारठलेला पाय एकदम शेकल्याचा तो परिणाम असतो. हळूहळू गरम करा, पांघरुणात, शेकोटीत घालून नाही. आणि पाय पांढरा, मेणचट, बधिर झाला आणि नंतर लाल सुजून फोड आले, किंवा लाली वर पोटरीकडं चढत ताप आला, तर घरगुती काही न करता डॉक्टर.

ज्यांना शुगर आहे त्यांचं वेगळं. पायाला संवेदना कमी असते, शेकोटीवर पाय भाजला तरी कळत नाही, काटा घुसून दोन दिवस झाले तरी पत्ता नसतो. त्यांनी शेकणं पूर्ण बंद, गरम पाण्यात पाय घालायच्या आधी कोपर बुडवून बघायचं किंवा घरातल्याला बघायला लावायचं, आणि रोज सकाळी मोबाईलने दोन्ही तळव्यांचा फोटो काढून मोठा करून बघायचा, वाकून दिसत नाही ते फोटोत दिसतं. जखम दिसली तर दुखत नसली तरी त्याच दिवशी दाखवा.

राहता राहिली कांद्याची लागण, आणि तिथं वरचं निम्मं लागू पडत नाही. बायका दिवसभर वाफ्यातल्या चिखलात वाकून रोपं लावतात, गमबूट चिखलात फसतो, उचलता येत नाही आणि रोपं तुडवली जातात, म्हणून अनवाणीच. यावर पक्का उपाय माझ्याकडं नाही. चिखलात उतरायच्या आधी बोटांना आणि टाचांना तेलाचा किंवा व्हॅसलीनचा हात फिरवला तर कातडी उशिरा फुगते, जेवणाच्या सुट्टीत पाय धुऊन पुसून अर्धा तास उन्हात कोरडे ठेवले तर बराच फरक पडतो, पण त्यासाठी बांधावर स्वच्छ पाण्याचा ड्रम आणि दोन जुने टॉवेल शेतमालकानेच ठेवायला पाहिजेत, बायका घरून आणतील ही अपेक्षा नको. लागण सकाळी सातला सुरू करायचा हट्टही सोडा, नऊला ऊन आल्यावर सुरू करा, मजुरी तीच. सगळे वाफे एकदम पाण्याने भरून ठेवण्यापेक्षा पुढचे दोन-तीनच भरत जा. आणि पुढच्या वर्षी ठिबकवर उंच गादीवाफ्याची लागण जमत असेल तर बघा, तिथं माती नुसती ओलसर असते, पाय चिखलात जात नाहीत.